दुपारी पान लोंबलं म्हणून व्हॉल्व्ह उघडू नका : खानदेशच्या उन्हाळ्यात केळीला पाणी देण्याची पद्धत

एप्रिल लागला की रावेर-यावल पट्ट्यातून एकच तक्रार ऐकू येते : "पानी त रोजच देऊ राह्यलो भाऊ, तरी पानं खाली पडू राह्यले." लगेच पुढचा प्रश्न येतो, अजून तासभर वाढवू का? बहुतेक वेळा उत्तर 'नको' असतं आणि बहुतेक वेळा तोवर व्हॉल्व्ह उघडून झालेला असतो.

गडबड होते ती क्रमात. आपण आधी पान बघतो, मग पाणी सोडतो आणि माती बघतच नाही. हा लेख तो क्रम बदलण्यासाठी आहे. ठिबकवरची ग्रँड नैन जातीची केळी, पाच बाय पाच फुटांची लागवड आणि काळी किंवा मध्यम जमीन, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. मृगबाग (जूनची लागवड) आणि कांदेबाग (ऑक्टोबरची लागवड) दोन्हींना पद्धत तीच, फक्त आकडे बदलतील.

## पाण्याची वाट : आधी एवढं वाचाच

केळी पाणी पिते ते जाड मुळांनी नाही. मुळाच्या टोकामागे थोड्या लांबीवर बारीक केसांसारखी लव असते. मातीच्या कणांना चिकटलेलं पाणी तिथून आत शिरतं, मुळाच्या मांसल भागातून आतल्या एका बंद कड्यापर्यंत पोचतं आणि तिथे गाळून मधल्या नळ्यांत जातं. पुढे कंद, खोड, पानाचा दांडा, शिरा असा प्रवास करत पानाच्या खालच्या-वरच्या बाजूंच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन हवेत निघून जातं. मुळांनी घेतलेल्या पाण्यातलं शेकडा ९५ पेक्षा जास्त असंच बाहेर जातं. झाडाच्या अंगात राहतं आणि वाढीला लागतं ते उरलेलं थोडंसं.

लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की दिवसा खालून ढकलणारं कोणी नसतं. ओढ वरून असते. पानातून वाफ गेली की तिच्या जागी मागचं पाणी ओढलं जातं, त्याच्यामागचं त्याला धरून येतं. विहिरीतून दोराने पोहरा ओढावा तसं हे आहे : ओढणारा वर, वजन खाली आणि मध्ये दोर अखंड हवा. हवेचा बुडबुडा शिरला की तेवढ्या नळीतला दोर तुटला.

म्हणून पान लोंबण्याची कारणं तीन जागी शोधायची. मातीत पाणी कमी असेल, मुळं ते घेण्याच्या स्थितीत नसतील किंवा वरची ओढ इतकी जास्त असेल की खालचा पुरवठा मागे पडतोय. व्हॉल्व्ह उघडून फक्त पहिलं कारण दूर होतं. दुसरं असेल तर व्हॉल्व्ह उघडल्याने ते वाढतं. आणि तिसरं? जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकला असताना दुपारी दोन वाजता कितीही पाणी सोडलं तरी ते तिसरं कारण हटत नाही.

## १. तयारी : मार्चमध्येच करा

मे महिन्यात नळ्या तपासायला घेतल्या तर तपासेपर्यंत आठवडा जातो आणि त्या आठवड्यात बाग बसते. होळीच्या आसपास पुढचं सामान गोळा करून ठेवा.

- मिलीलिटरच्या खुणा असलेला मग किंवा प्लास्टिकची मोजबाटली
- प्रेशर गेज, नळीच्या टोकाला लावता येईल असा
- मातीचं गिरमिट. नसेल तर पहार आणि खुरपी चालेल
- परमनंट मार्कर पेन
- सामू (पीएच) मोजण्याचा कागद
- टेन्शिओमीटर (मातीतलं पाणी ओढायला मुळाला किती जोर लागतो ते दाखवणारं यंत्र), परवडत असेल तर. एका व्हॉल्व्हला एक पुरे
- वही

वहीकडे दुर्लक्ष करू नका. "परवा दोन तास दिलं होतं बहुतेक" यावर हिशेब होत नाही.

## २. मुळं उघडी करून बघा

हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि अर्धी उत्तरं इथेच असतात.

बागेतलं एक बरं झाड आणि एक मरगळलेलं झाड निवडा. बुंध्यापासून हातभर अंतरावर, नळीच्या बाजूला, दीड फूट खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या. कुदळीने खणा, पण शेवटचा इंच-दोन इंच थर खुरपीने हळू काढा, म्हणजे मुळं तुटणार नाहीत.

केळीची कामाची बहुतेक मुळं वरच्या फूट-सव्वा फुटात असतात. त्याखाली गेलेलं पाणी झाडाच्या दृष्टीने हरवलेलं पाणी. काळ्या जमिनीत ठिबकचं पाणी आडवं पसरतं, हलक्या जमिनीत सरळ खाली जातं. सातपुड्याच्या पायथ्याला मुरमाड पट्टी असेल तर एकच मोठा डोस देणं म्हणजे मुळांना ओलांडून पाणी खाली घालवणं.

आता एक मूळ हातात घ्या. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट असतं, चिमटीत धरून ओढलं तर कडक लागतं, टोकाकडे ताजी पांढरी वाढ दिसते. कुजलेल्या मुळाची साल बोटांनी ओढताच मोज्यागत निघते आणि हातात आतला दोऱ्याएवढा तंतू राहतो. वास घ्या : आंबूस, गटारी वास आला तर त्या मुळांना बरेच दिवस हवा मिळालेली नाही.

तपासणी : खड्ड्याच्या भिंतीला ओल कुठून कुठपर्यंत आहे आणि मुळं कुठून कुठपर्यंत आहेत, दोन्ही पट्टीने मोजून वहीत लिहा. ओल आणि मुळं एका जागी नसतील तर तास वाढवून काही होणार नाही, नळी हलवावी लागेल.

नेहमीची चूक : लागवडीच्या वेळी रोपाच्या बुडाशी टाकलेली नळी सहा महिन्यांनी तिथेच असते. रोपाला ती जागा ठीक होती. झाड मोठं झालं की पाणी घेणारी टोकं बुंध्यापासून लांब गेलेली असतात आणि बुंधा मात्र रोज भिजून कुजायला लागतो. तीन महिन्यांच्या पुढे नळी बुंध्यापासून फूट-दीड फूट लांब घ्या. शक्य असेल तर ओळीच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी टाका. एकाच बाजूला पाणी मिळालेल्या झाडाची मुळंही एकाच बाजूला जास्त वाढतात आणि पहिल्या वादळात असं झाड घडासकट आडवं होतं.

## ३. ठिबक मोजा

"चार लिटरचा ड्रिपर आहे" हे कंपनीचं म्हणणं झालं. तुमच्या शेतात तो किती देतो ते मोजल्याशिवाय कळणार नाही.

अ) आधी फिल्टर धुवा. सँड फिल्टर असेल तर बॅकवॉश, स्क्रीन फिल्टर असेल तर जाळी काढून ब्रशने.

आ) मग सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा.

इ) त्यानंतर नळ्यांची टोकं चार-पाच करून उघडा. सगळी एकदम उघडली तर दाब बसतो आणि गाळ आतच राहतो.

ई) टोकं बंद करून दहा मिनिटं थांबा, दाब स्थिर होऊ द्या. शेवटच्या नळीच्या टोकाला गेज लावून बघा. एक किलोच्या आसपास दाब हवा.

उ) पहिली, मधल्या दोन आणि शेवटची अशा चार नळ्या घ्या. प्रत्येकीवर सुरुवात, मध्य आणि टोक अशा तीन ड्रिपरखाली मग धरून सहा मिनिटं पाणी जमवा. चार लिटरचा ड्रिपर सहा मिनिटांत ४०० मिलीलिटर द्यायला हवा.

बारा आकड्यांत ३६० च्या खाली गेलेले दोन-तीन असतील तर फार काळजी नको. निम्मे आकडे खाली असतील तर नळ्या बुजत आहेत. बोअरच्या जड पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरला असेल तर आम्लप्रक्रिया लागेल : शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू कागदावर ४ च्या आसपास येईपर्यंत आम्ल सोडायचं, पंप बंद करून पाणी नळ्यांत २४ तास तसंच ठेवायचं आणि मग वरच्याच क्रमाने फ्लश करायचं. शेवाळ किंवा चिकट थर असेल तर त्याला क्लोरीन लागतं, आम्ल नाही.

सावधान : आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एका दिवशी, एका बादलीत किंवा एका टाकीत आणू नका. त्यातून निघणारा वायू जीव घेतो. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हे काम गड्याला सांगू नका, स्वतःही करू नका.

क्रम महत्त्वाचा आहे. फिल्टर न धुता नळ्या फ्लश केल्या तर तासाभरात त्या पुन्हा भरतात.

## ४. झाड दिवसातून तीनदा बघा

एका वेळच्या दर्शनावरून निदान करू नका. पोंग्यापासून (शेंड्याच्या न उलगडलेल्या पानापासून) खाली मोजत तिसरं पान धरा आणि तेच पान तीन वेळा बघा.

उजाडण्याआधी. रात्री छिद्रं बहुतेक मिटलेली असतात, वरची ओढ थांबते आणि मुळं मात्र क्षार आत घेत राहतात. त्यामुळे मुळांत थोडा दाब तयार होतो. खालून ढकलणं होतं ते फक्त याच वेळी. जमिनीत ओल आणि मुळांत दम असेल तर कोवळ्या पानाच्या कडेला थेंब लटकलेले दिसतात. दवाने पूर्ण पान ओलं होतं, हे थेंब मात्र काठावरच, अंतराअंतरावर असतात. खानदेशी मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की सूर्य वर आला की ते उडून जातात, म्हणून टॉर्च घेऊन जा. थेंब दिसले तर त्या दिवशी पाण्याची चिंता नको. न दिसले तर लगेच घाबरू नका, कोरड्या वाऱ्याच्या रात्री ते नसूही शकतात. मातीकडे वळा.

दुपारी दोनला. पानाचे दोन्ही पंख मधल्या शिरेच्या बाजूला खाली मिटलेले दिसतील. ही झाडाची स्वतःची सोय आहे. पान मिटलं की ऊन झेलणारा भाग कमी होतो आणि वाफही कमी जाते. मे महिन्यात चांगली भिजलेली बागसुद्धा दुपारी अशी दिसते. केळीचं खोड म्हणजे एकात एक गुंडाळलेली पानांची बुडं. त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, दुपारची तूट झाड काही प्रमाणात त्यातून भागवतं आणि रात्री भरून काढतं.

सूर्य मावळल्यावर. हीच खरी परीक्षा. पंख परत उघडले, पान सपाट झालं, तर दुपारचं लोंबणं नुसतं उन्हाचं होतं. दिवस मावळूनही पान मिटलेलंच असेल आणि दुसऱ्या दिवशी पहाटेही तसंच असेल, तर मुळांकडून पाणी खरंच येत नाही.

चौथी खूण हळू कळते, पण सगळ्यात खरी आहे. नुकत्याच उलगडलेल्या पानाच्या देठावर मार्करने तारीख टाका. पुढचं पान उलगडलं की त्यावरही टाका. वाढीच्या काळात, पाणी आणि खत ठीक असताना आठ-दहा दिवसांत एक पान येतं. पानं लोंबायला लागण्याच्या कितीतरी आधी हे अंतर वाढतं. कडक उन्हाने सगळ्यांचीच पानं उशिरा येतात, म्हणून शेजारच्या ओळीशी ताडून बघा : एका व्हॉल्व्हवर दहा दिवस आणि दुसऱ्यावर पंधरा दिवस असेल तर दोष उन्हाचा नाही. निसवण झाली, म्हणजे घड बाहेर पडला, की नवीन पान येत नाही, तेव्हा ही खूण फक्त निसवणीपर्यंत.

## ५. माती दाबून बघा

बुंधा आणि ड्रिपर यांच्या मधली जागा धरा. ड्रिपरच्या अगदी खाली नेहमी ओलंच असतं, तिथून घेतलेली माती फसवते. गिरमिटाने वीतभर आणि मग फूटभर खोलीची माती काढून मुठीत दाबा.

- गोळा झाला, टाकल्यावर फुटला, हाताला ओल लागली पण चिखल लागला नाही : वाफसा आहे. आज नेहमीचं पाणी.
- दाबताना बोटांच्या फटीतून पाणी किंवा चिखल आला : आज पाणी बंद. उद्या परत बघा.
- गोळाच होत नाही, भुगा होतो : उशीर झालाय.

काळ्या जमिनीचं एक वेगळंच आहे. तिच्यात पाणी भरपूर मावतं, पण त्यातलं बरंच ती घट्ट धरून ठेवते. हाताला थंड, ओलसर लागणारी काळी माती झाडाच्या दृष्टीने कोरडी असू शकते. म्हणूनच टेन्शिओमीटर उपयोगी. ओल किती आहे हे तो सांगत नाही, ती ओढून घ्यायला मुळाला किती जोर लावावा लागतोय ते सांगतो. झाडालाही तेवढंच हवं असतं.

टेन्शिओमीटर बसवताना टोकाचा मातीचा कप आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवा. नळीत उकळून गार केलेलं पाणी भरा. साध्या पाण्यातली विरलेली हवा बुडबुडे करते आणि आकडा खोटा येतो. गिरमिटाने भोक पाडून कप फूटभर खोलीवर, ड्रिपरपासून वीतभर लांब बसवा आणि बाजूची माती चिखल करून घट्ट दाबा. कप आणि माती यांच्यात पोकळी राहिली तर काटा हलणारच नाही.

वाचन पहाटे घ्या, रोज त्याच वेळी. १० सेंटिबारच्या खाली असेल तर जमीन भरलेली आहे, पाणी थांबवा. २० ते ३० च्या मध्ये आला की द्यायची वेळ झाली. काटा ८० कडे जाऊन एकदम शून्यावर आला तर पाऊस पडलेला नसतो, कपातून हवा शिरलेली असते, परत भरा.

## ६. लिटरचा हिशेब

"मे महिन्यात झाडाला वीस लिटर" हा ठोकळा सगळ्यांना पाठ आहे. तो कुठून येतो ते कळलं तर बदलता येतो.

उघड्या भांड्यातून दिवसाला जेवढे मिलिमीटर पाणी उडतं तो झाला बाष्पीभवनाचा आकडा. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा हवामान केंद्रात तो मिळतो का विचारा. समजा आकडा १२ मिमी आहे. भांड्यातलं पाणी शेतापेक्षा जास्त उडतं म्हणून ०.७ ने गुणा : ८.४. पूर्ण वाढलेल्या केळीसाठी १.१ ने गुणा : ९.२४ मिमी. एका झाडाच्या वाट्याला दीड मीटर बाय दीड मीटर, म्हणजे २.२५ चौरस मीटर जागा येते. एक चौरस मीटरवर एक मिमी म्हणजे एक लिटर. ९.२४ गुणिले २.२५ म्हणजे २०.८ लिटर.

ठिबकमध्येही थोडं वाया जातंच. दहा टक्के धरले तर २३ लिटर. झाडाला चार लिटरचे दोन ड्रिपर असतील तर तासाला आठ लिटर, म्हणजे तीन तासांना थोडे कमी. पण तिसऱ्या पायरीत तुमचे ड्रिपर सरासरी ३५० मिलीलिटर देताना सापडले असतील तर तासाला सातच लिटर पडतंय. मग तेवढ्याच पाण्याला सव्वातीन तासांच्या वर जातील. मोजमाप आधी, हिशेब नंतर, असं म्हणतो ते याचसाठी.

झाड लहान असेल तर १.१ धरू नका. भर दुपारी जमिनीवरची सावली बघा. निम्मी जमीन सावलीत असेल तर ०.६-०.७ पुरे. जूनमध्ये लावलेली मृगबाग मे महिन्यात घडावर असते, तिला पूर्ण आकडा लागतो. ऑक्टोबरची कांदेबाग तोवर सहा-सात महिन्यांची होऊन सावली धरते, तिलाही जवळपास तेवढंच. फेब्रुवारीत उशिरा लावलेल्या रोपांना मात्र लोक मोठ्या झाडाचं पाणी पाजतात आणि मग रोप पिवळं पडलं म्हणून खत टाकतात.

इथे थांबून एक गुणाकार करा. एकरी साधारण १,७५० झाडं धरली तर रोज ४० हजार लिटर. तुमची विहीर किंवा बोअर मे महिन्यात इतकं देतं का? देत नसेल तर सगळ्या बागेला अर्धंअर्धं वाटण्यापेक्षा कुठली बाग वाचवायची ते एप्रिलमध्येच ठरवा. घडावर असलेली बाग आधी. माझं मत स्पष्ट आहे : जिथे पाणी पुरणार नाही तिथे पीलबाग (बुंध्याशी फुटलेल्या पिलांवर घेतलेलं पुढचं पीक) ठेवण्याचा मोह सोडावा.

## ७. वेळ आणि हप्ते

वरची ओढ सकाळी नऊपासून वाढते आणि चारनंतर उतरते. त्याआधी मुळांजवळची जमीन भरलेली हवी. पहाटे सुरू करून आठच्या आत संपवणं उत्तम. पण थ्री फेज वीज आपल्या सोयीने येत नाही. रात्रीची पाळी असेल तर रात्री द्या, त्याने काही बिघडत नाही. झाड रात्रीच तूट भरून काढत असतं.

भर दुपारी द्यावंच लागलं तर पहिली काही मिनिटं नळीत तापलेलं पाणी बाहेर पडतं, ते कोवळ्या रोपांच्या बुडाशी पडू देऊ नका.

काळ्या जमिनीत एकच हप्ता चालतो. हलक्या, मुरमाड जमिनीत तेच तास दोन भागांत करा, नाहीतर अर्धं पाणी मुळांच्या खाली जाईल.

सगळ्यात महाग पडणारी चूक : ऑटो स्टार्टर. रात्री बाराला वीज आली, पंप आपोआप सुरू झाला आणि सकाळी आठपर्यंत एकाच व्हॉल्व्हवर चालत राहिला. झाडाला २३ लिटर हवे होते, ६४ लिटर गेले. एका रात्रीने काही होत नाही. आठवडाभर असं झालं की काळ्या जमिनीतली हवा संपते, मुळं श्वास घेऊ शकत नाहीत आणि पाणी आत घेण्याची त्यांची ताकद घटते. पाण्यात उभं राहून झाड तहानतं. पानं लोंबतात, मालक बघतो आणि अजून पाणी देतो. ऑटोला टायमर जोडा, किंवा पाळी बदलताना माणूस उठवा.

## ८. वरून जाणारं पाणी आटोक्यात ठेवा

वाफ पूर्ण थांबवायची नाही. त्याच वाफेने पान थंड राहतं, आणि ज्या छिद्रांतून ती जाते त्यांतूनच अन्न करण्यासाठी हवा आत येते. फक्त फुकट जाणारी कमी करायची.

वारा हा पहिला शत्रू. पानाभोवती ओलसर हवेचा पातळ थर असतो, गरम वारा तो उडवून नेतो. पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बांधावर दाट शेवरी हवी, पण ती लागवडीच्या वेळीच पेरलेली असते तेव्हा उपयोगी पडते. मे महिन्यात आठवण झाली असेल तर बांधावर हिरवी शेडनेट ताणा.

आच्छादन टाका : केळीचीच वाळकी पानं, गव्हाचं काड, सोयाबीनचं भुसकट, जे असेल ते चार बोटं जाड. नळीवरून टाका, म्हणजे नळीतलं पाणीही कमी तापतं. बुंध्याला मात्र चिकटवू नका.

पील कापा, दर पंधरवड्याला. प्रत्येक पील आपल्या पानांतून पाणी बाहेर टाकतं आणि ते मायझाडाच्या वाट्याचं असतं.

केओलिनची फवारणी, आठ टक्के म्हणजे लिटरला ८० ग्रॅम, पानावर पांढरा थर धरते आणि थोडं ऊन परतवते. सकाळी लवकर फवारा. पाणी कमी असलेल्या बागेला याचा आधार होतो, पाण्याची जागा मात्र ते घेत नाही.

पालाश (पोटॅश) कमी पडू देऊ नका. पानाची छिद्रं उघडण्या-मिटण्याचं काम त्यांच्या कडेच्या पेशींमध्ये पालाश आत-बाहेर होण्याने चालतं.

सावधान : पाणी वाचेल म्हणून हिरवी पानं छाटू नका. वाळलेली किंवा रोगट पानं काढा, बाकी राहू द्या. घड भरायला तीच लागतात.

## ९. ओल आहे, तरी झाड सुकतंय

पहाटेही पान मिटलेलं, टेन्शिओमीटर १० च्या खाली, मुठीत चिखल. आता पाणी बंद करून पुढच्या क्रमाने शोधा.

पहिलं, मुळं. साल मोज्यागत निघत असेल तर पाणी पूर्ण थांबवा, दोन ओळींमध्ये चर काढा, वाफसा येईपर्यंत खत देऊ नका. नवीन पांढरी टोकं दिसली की थोडं थोडं पाणी सुरू करा.

दुसरं, मुळांवरच्या गाठी. असतील तर सूत्रकृमी. त्या जागी नळ्या दाबल्या जातात, पाणी पुढे सरकत नाही.

तिसरं, खत. आदल्या दिवशी ठिबकमधून काय सोडलं? मातीतलं पाणी क्षारांनी दाट झालं की मूळ ते ओढू शकत नाही. फार दाट झालं तर उलट मुळातलंच पाणी बाहेर येतं. युरिया, पांढरा पोटॅश आठवड्याच्या हप्त्यांत द्या. खताआधी थोडं साधं पाणी, मग खत, मग पुन्हा पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी. पानाच्या कडा जळाल्यासारख्या असतील तर संशय इथेच. बोअरचं पाणी खारट असेल तर त्याची विद्युत वाहकता तपासून घ्या.

चौथं, मर. खालची पानं कडेपासून पिवळी होत बुंध्याशी मोडून लोंबत असतील तर एक झाड आडवं कापा. खोडात तांबूस-तपकिरी रेषा किंवा ठिपके दिसले तर बुरशीने नळ्या बुजवल्या आहेत. ते झाड जागेवरच नष्ट करा, कोयता धुवा, त्या ओळीचं पाणी दुसऱ्या ओळीत वाहू देऊ नका आणि कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. अशा बागेचे कंद रोपासाठी कुणाला देऊ नका.

जाता जाता कापसाबद्दल. लांब उघडीप, तापलेली जमीन, मग जोराचा पाऊस किंवा पाटाने भरपूर पाणी, आणि दोन दिवसांत हिरवंगार झाड मान टाकतं. तिथे बुरशी नसते. तो आकस्मिक मर, आणि गोष्ट हीच : पाणी खूप आहे, मुळाला घेता येत नाही. त्यावर अजून पाणी देणारे दरवर्षी भेटतात.

## १०. मृगाचा पाऊस आल्यावर

पहिला २५ मिमीचा पाऊस झाला की झाडाच्या वाट्याच्या जागेवर ५६ लिटर पडतात. त्यातलं किती मुरलं आणि किती वाहून गेलं, हे जमिनीच्या उतारावर आणि भेगांवर ठरतं. तेव्हा ठिबक आपल्या अंदाजाने बंद किंवा चालू ठेवू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे टेन्शिओमीटर बघा किंवा फूटभर खोलीची माती मुठीत घ्या. नुसती वरची दोन बोटं भिजली असतील तर पाणी चालूच ठेवावं लागेल.

ढग आले, हवा दमट झाली की वरची ओढ झटकन कमी होते. मे महिन्याचे तीन तास जूनच्या तिसऱ्या आठवड्यातही तसेच चालू राहिलेले दिसतात, कारण टायमर कोणी बदलत नाही. बाष्पीभवनाचा नवा आकडा घ्या, सहावी पायरी पुन्हा करा. आकडा ५ मिमीवर आला असेल तर झाडाला नऊ-साडेनऊ लिटर पुरतात, आणि आठ लिटरच्या दराने ते सव्वा तासात होतं. पाऊस लागून राहिला तर चर आधीच मोकळे करा आणि नळ्यांची टोकं उघडून एकदा फ्लश करून ठेवा.